किल्डरकिन वगळा, कॅटकिन ठेवा

ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने २००७ साली सात वर्षांपुढच्या मुलांसाठीच्या आपल्या छोट्या इंग्रजी कोशाची नवी आवृत्ती काढली, तेव्हा तिच्यातून काय गळलंय याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. पुढे उत्तर आयर्लंडमधल्या एका आईने मुलाच्या गृहपाठापायी जुन्या-नव्या आवृत्त्या शेजारी ठेवून शब्द ताडून पाहिले आणि २००८ च्या डिसेंबरात ब्रिटिश वर्तमानपत्रांत गदारोळ उठला. एकॉर्न गेलं होतं, फर्न गेलं होतं, विलो, आयव्ही, किंगफिशर, ऑटर, हेरन गेले होते. बिशप, चॅपेल, मंक हेही गेले होते, त्यामुळे धर्माभिमानी वेगळे चिडले. आत आले होते ब्लॉग, ब्रॉडबँड, चॅटरूम, व्हॉइसमेल, एमपीथ्री प्लेअर. २०१५ च्या जानेवारीत मार्गारेट अ‍ॅटवुड, अँड्र्यू मोशन यांच्यासह २८ लेखकांनी प्रकाशकांना जाहीर पत्र लिहिलं: निसर्गाचे शब्द कोशात परत आणा. प्रकाशकांनी आपली बाजू सोडली नाही.

तेव्हापासून हा वाद एकाच चाकोरीतून फिरतोय. एकीकडे हळवे लेखक, दुसरीकडे आकडे दाखवणारे संपादक. मला दोघांचंही अर्धंच पटतं. त्या कोशात साधारण दहा हजार नोंदींची जागा. नवा शब्द घ्यायचा तर जुना काढावाच लागणार, आणि काढणाऱ्याला खाटीक म्हणणं सोपं असतं. माझं म्हणणं इतकंच, की कुठला शब्द काढायचा हे तो किती वेळा छापला जातो यावरून ठरवू नये, आणि तो किती गोड वाटतो यावरून तर मुळीच ठरवू नये. त्या वयाच्या मुलाच्या डोळ्यांसमोर ती वस्तू आहे का, एवढं पाहावं. ही कसोटी लावली तर बरेच जुने शब्द खुशाल जाऊ द्यावेत असे निघतात आणि काहींची हकालपट्टी सरळसरळ चूक ठरते. गळलेल्यांच्या यादीतला कॅटकिन हा या दुसऱ्या गटातला.

हेझल, बर्च, आल्डर, विलो या झाडांना हिवाळा सरता सरता, पुष्कळदा पानं फुटायच्याही आधी, मऊ तुरे येतात, ते कॅटकिन. हेझलचे तुरे पिवळे आणि बोटभर लांब असतात, फांदीवरून लोंबतात आणि वाऱ्याच्या झुळकीसरशी पराग उधळतात. इंग्रज पोरं त्यांना कोकरांच्या शेपट्या असंही म्हणतात. कॅटकिन हे नाव मात्र डच भाषेतून आलं. तिकडे या तुऱ्याला मांजराचं पिल्लू म्हणत, आणि त्या शब्दातला 'मांजर' इंग्रजांनी आपला घातला, 'पिल्लू' तेवढं डचांचं राहू दिलं. हे डच पिल्लू म्हणजे शेवटचा 'किन'.

या 'किन'चं कूळ पाहिलं की जुन्या शब्दांविषयी जे गळे काढले जातात त्यातले निम्मे आपोआप बसतात, म्हणून जरा थांबतो. जर्मनमधला 'शेन' आणि डचमधला जुना 'केन' यांचा हा भाऊ. लहानपणा दाखवणारा प्रत्यय. इंग्रजीत तो तेराव्या शतकाच्या मध्यापासून दिसायला लागतो, आणि आधी दिसतो तो माणसांच्या लाडक्या नावांत. वॉल्टरचा वॉटकिन, जॉनचा जेनकिन, विल्यमचा विल्किन, रॉबर्टचा हॉपकिन, रॉजरचा हॉजकिन. चौदाव्या शतकाअखेर ही फॅशन ओसरली. नावं गेली, आडनावं उरली. वॉटकिन्स, जेनकिन्स, हॉपकिन्स ही आडनावं आज जगभर आहेत आणि त्यांत कुणी लहान बाळ दडलंय असं कुणाच्या मनातही येत नाही. थॉमस हॉजकिन या डॉक्टरने १८३२ साली लसिका ग्रंथींच्या ज्या आजाराचं वर्णन केलं त्याला त्याचंच नाव पडलं. कर्करोगाच्या वॉर्डात रोज उच्चारलं जाणारं ते नाव मुळात कुणा लाडक्या रॉजरचं.

मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. आपल्याकडे पिटुकला, चिमुकला यांत दिसतात तसे प्रत्यय तर आहेतच, पण लहान करायची आपली खरी रीत लिंग बदलण्याची: सुऱ्याची सुरी, गोळ्याची गोळी, दोराची दोरी, गाड्याची गाडी. आणि मग ती गाडी डबेच्या डबे जोडून मुंबईहून नागपूरला निघते, तेव्हा तिच्यात लहानपणाचा मागमूस उरत नाही. इंग्रजीत हेच झालंय. नॅपकिन म्हणजे छोटं कापड. ब्रिटिशांनी त्याचंही आणखी छोटं करून बाळाच्या लंगोटाला नॅपी म्हटलं. घेरकिन म्हणजे लोणच्यातली बोटाएवढी काकडी. लंडनमधल्या १८० मीटर उंचीच्या काचेच्या मनोऱ्याला लोक तेच नाव लावतात. भोपळ्याचं जुनं इंग्रजी नाव पॉम्पियन. त्याला हा 'किन' मागाहून, उगाच, बाकीच्यांचं पाहून चिकटला आणि पंपकिन झालं. स्पर्धांमध्ये ज्याचं वजन हजार किलोंच्या वर भरलंय अशा फळाला लघुत्वाचा प्रत्यय! मॅनिकिन आणि मॅनेक्विन हे तर एकच डच माणूसबाळ. एक थेट खाडी ओलांडून आलं, दुसरं पॅरिसला वळसा घालून, म्हणून जास्त ऐटीत.

खाडी ओलांडून हा प्रत्यय कसा आला? लोकर, कापड आणि बियर यांच्या व्यापारासोबत. इंग्लंडची लोकर फ्लँडर्सला, म्हणजे आजच्या बेल्जमकडच्या मुलखात, जायची, तिथले विणकर इंग्लंडला यायचे. तिसऱ्या एडवर्डने चौदाव्या शतकात त्यांना बोलावून वसवलं. त्यांचं स्वागत कसं झालं तेही सांगायला हवं. १३८१ च्या शेतकऱ्यांच्या उठावात लंडनच्या जमावाने फ्लेमिश लोकांना चर्चमधून ओढून काढून मारलं. एका जुन्या लंडनी वृत्तांतात असं नोंदवलंय, की ज्याला 'ब्रेड अँड चीज' इंग्रजासारखं म्हणता येईना त्याचं डोकं उडवलं. आज 'आपल्या मातीतले शब्द' म्हणून ज्यांच्यावर उमाळे येतात, त्यांतले अनेक या उपऱ्यांच्या तोंडचे आहेत.

बियरचंही तसंच. हॉप्स, म्हणजे एका वेलीची कडवट फुलं, न घातलेली ती एल, हॉप्स घातलेली ती बियर, आणि ही हॉप्सवाली बियर इंग्लंडला शिकवली ती समुद्रापलीकडच्या या शेजाऱ्यांनीच. पेय आलं तशी त्याची पिंपंही नावानिशी आली. फर्किन म्हणजे चौथा हिस्सा: ३६ गॅलनच्या पूर्ण बॅरलचा पाव, ९ गॅलन. त्याच्या दुप्पट किल्डरकिन, १८ गॅलन. आठव्या हेन्रीच्या १५३१ च्या कायद्याने हे आकडे पक्के केले, तेही दोन जातींत. एलचं फर्किन ८ गॅलनचं, बियरचं ९ चं. पुढे एलची मोजणी बंद पडली, बियरची राहिली.

आणि ती आजही आहे. इथे या लेखातला माझा सगळ्यात आवडता भाग येतो. शब्दांच्या 'विस्मृतीत गेलेल्या' याद्यांमध्ये फर्किन हमखास असतो. पण एखाद्या इंग्लिश पबच्या तळघरात उतरलात तर तो तिथे लाकडी घडवंचीवर आडवा पडलेला दिसेल. जिवंत यीस्टची, पिंपातच मुरणारी बियर ब्रुअरीतून पबला येते ती मुख्यतः फर्किनमधून. ९ गॅलन म्हणजे ७२ पाइंट, जवळपास ४१ लिटर. एवढं पिंप दोन माणसं हलवू शकतात आणि उघडल्यावर तीनेक दिवसांत संपवलं नाही तर आतली बियर उतरते. मध्यम पबचा खप आणि माणसाच्या पाठीची ताकद या दोन्हींत बसणारं माप तेच. किल्डरकिन मोठ्या पबांत चालतो. पूर्ण बॅरल क्वचित. तळघरातली माणसं तर एवढं लांब नावही घेत नाहीत, नुसतं 'नऊ' आणि 'अठरा' म्हणतात. बियरचा पाइंट मेट्रिकच्या रेट्यातून कायद्यानेच वगळलेला असल्यामुळे पिंपाला लिटरात जायची घाईही नाही.

आयर्लंडमध्ये फर्किन लोण्याचा होता. एकोणिसाव्या शतकात कॉर्क शहरातला लोणीबाजार जगात सर्वांत मोठा गणला जाई. तिथे ही पिंपं धुऊन तोलण्यासाठी १८५५ मध्ये एक गोल दगडी इमारत बांधली, तिचं नाव फर्किन क्रेन. बाजार १९२४ साली बंद पडला, लोणी कागदात गुंडाळून यायला लागलं, आणि लोण्याचा फर्किन मेला. इमारत आज नृत्यसंस्था वापरते. एकच शब्द; बियरसोबत जगला, लोण्यासोबत गेला. कुणी वाचवलाही नाही, मारलाही नाही. आपल्याकडे मेट्रिक मापं १९५८ पासून लागू होत गेली, तरी कोकणात, मावळात तांदूळ मोजताना पायली अजून ऐकू येते, कारण ते पितळी किंवा लाकडी माप घरात आहे. अधोली, चिपटं हे शब्द बाजारातून उठले ते सरकारी हुकमाने जेवढे उठले, त्याहून जास्त प्लास्टिकच्या पिशवीने उठवले.

हे सगळं सांगायचं कारण असं की शब्दरक्षकांची एक जमात आहे आणि तिचा या साध्या गोष्टीवर विश्वास नाही. २००८ मध्येच कॉलिन्सच्या कोशकारांनी २४ दुर्मीळ शब्द काढायचं ठरवलं आणि सोबत एक गंमतही जाहीर केली: ज्यांना कळवळा असेल त्यांनी शब्द दत्तक घ्यावेत, बोलण्या-लिहिण्यात आणावेत, पुरेशा ठिकाणी दिसले तर ठेवू. अभिनेता-लेखक स्टीफन फ्रायने फब्सी उचलला, म्हणजे बुटका आणि गुबगुबीत. अँड्र्यू मोशनने स्कर, म्हणजे पक्ष्यांच्या पंखांची फडफड. चार दिवस मजेत गेले. पण एखादा शब्द केवळ त्याला वाचवण्यासाठी वाक्यात घालणं म्हणजे काय? ज्याला बुटक्या गुबगुबीत माणसाविषयी काही सांगायचंय तो फब्सी म्हणत नाही, आणि जो म्हणतो त्याला त्या माणसाविषयी काही सांगायचं नसतं. असा शब्द वाक्यात वापरलेला नसतो, मांडून ठेवलेला असतो.

'किन'वाल्या शब्दांचा तर या मंडळींना विशेष लळा. पिपकिन, कॅनिकिन, मिनिकिन, ग्रिस्किन, सायडरकिन अशी माळ ओवायची आणि किती गोंडस म्हणून उसासायचं. गोंडस? स्कॉटलंडमध्ये थंबिकिन्स नावाची वस्तू होती. कैद्याचे अंगठे अडकवून स्क्रू आवळायचा लोखंडी साचा. विल्यम कार्स्टेअर्स या धर्मोपदेशकाला १६८४ मध्ये एडिंबरामध्ये तो लावला होता. पुढे हाच माणूस विल्यम राजाचा चॅप्लेन झाला. पायाला असाच दाब देणाऱ्या यंत्रालाही बूटिकिन म्हणत. आणि अठराव्या शतकात लेखक होरेस वॉलपोल संधिवातासाठी हातापायांवर चढवायच्या ज्या मऊ पिशव्यांची पत्रांतून तोंडभर स्तुती करत होता, त्यांचंही नाव बूटिकिन्स! मॉल्किन हे मॉडचं लाडकं नाव, मग स्वयंपाकघरातली गबाळी मोलकरीण, मग भट्टी पुसायचा बोळा, मग बुजगावणं, मग मांजर. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मध्ये पहिल्याच प्रवेशात चेटकीण ज्याला हाक मारते ते करडं मांजर याच घराण्यातलं. एका बाईच्या नावाची अशी पायरीपायरीने घसरण लाडाच्या प्रत्ययाने अडवली नाही. डचांशी आरमारी लढाया पेटल्या त्या सतराव्या शतकात इंग्रजांनी सूटरकिन नावाचा एक काल्पनिक उंदरासारखा प्राणी शोधून काढला: डच बायका थंडीत शेगडीवर पाय ठेवून बसतात म्हणून म्हणे त्यांच्या पोटी तो जन्मतो. बंपकिनही, म्हणजे गावंढळ माणूस, कोशकारांच्या मते आधी ठेंगण्या डच माणसाची टवाळी होती. म्हणजे डचांकडून प्रत्यय घेतला आणि त्यांच्याच तोंडावर फेकला. अशा शब्दांचं जतन मोठ्या कोशात व्हायलाच हवं, त्यांच्यात इतिहास आहे. पण सात वर्षांच्या मुलाला ते माहीत नसले म्हणून भाषा गरीब होत नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे. प्रकाशकांचा बचाव ऐकायला समंजस आहे. पूर्वी बरीच मुलं खेड्यांजवळ राहायची, ऋतू पाहायची. आता तसं नाही. कोशाने आजच्या मुलांचं जग दाखवावं. आम्ही फक्त आरसा धरतो. या बचावातली पहिली गडबड साधी आहे. ज्या शब्दांना त्यांनी भविष्य समजून आत घेतलं, त्यांतला एमपीथ्री प्लेअर आजच्या सात वर्षांच्या मुलाने बहुधा पाहिलेलाही नाही. चॅटरूम त्याच्या आईच्या तरुणपणची गोष्ट. वापराची मोजदाद करून निवडलेले शब्द वीस वर्षं टिकले नाहीत. १५७८ पासून छापला जाणारा कॅटकिन मात्र दर फेब्रुवारीला फांदीवर आहे. वारंवारता मोजून काल काय चाललं ते कळतं. ती मोजतात मोठ्यांनी लिहिलेल्या मजकुरात, आणि मोठी माणसं ब्रॉडबँडविषयी जेवढं लिहितात तेवढं झाडाविषयी लिहीत नाहीत, मग ते झाड त्यांच्या खिडकीसमोर का असेना.

दुसरी गडबड जास्त खोल आहे, आणि तिच्यासाठी त्या १५७८ सालाकडे जावं लागेल. बेल्जममधल्या मेखेलेन गावच्या रेम्बर्ट डोडुन्स या वैद्याने १५५४ मध्ये डच भाषेत वनस्पतींचा एक मोठा ग्रंथ लिहिला. त्याचं फ्रेंच भाषांतर झालं, आणि त्या फ्रेंचवरून सॉमरसेटमधल्या हेन्री लाइट नावाच्या जमीनदाराने तो इंग्रजीत आणला. हेझलच्या तुऱ्यापाशी आल्यावर त्याने डच शब्दाचं इंग्रजी रूप केलं: कॅटकिन. इंग्रजीत हा शब्द सापडतो तो इथे पहिल्यांदा. म्हणजे शेतकरी बोलत होते आणि पुस्तकाने टिपून घेतलं, असं झालेलं नाही. शब्द पुस्तकात आला, तिथून शाळेत, तिथून झाडावर. इंग्लंडमधल्या ज्या पिढ्यांनी फेब्रुवारीत शाळेच्या खिडकीत बाटलीत हेझलची फांदी ठेवून कॅटकिनचं चित्र काढलं, त्यांना तो शब्द छापील पानानेच दिला होता. अशा शब्दाविषयी 'आम्ही फक्त आरसा' असं एखादा कोश म्हणायला लागला तर त्याला त्याचीच वंशावळ दाखवावी. मुलांचा कोश कधीच आरसा नव्हता. मोठ्यांचा असू शकतो.

राहिला प्रश्न, वस्तू समोर आहे का. ब्रिटनच्या शहरांत सगळ्यात जास्त लावल्या जाणाऱ्या झाडांमध्ये सिल्व्हर बर्च येतो: बुंधा पांढरा, वाढ झटपट, रस्त्याकडेला शोभतो, शाळेच्या कुंपणाशीही. त्यालाही कॅटकिनच येतात, आणि एप्रिलच्या आसपास ते इतके पराग सोडतात की 'हे फीव्हर', म्हणजे परागांची अ‍ॅलर्जी, असलेल्यांना नको होतं. लंडनमधलं एखादं पोर डोळे चोळत, शिंकत वर्गात बसलेलं असतं, त्याच्या डब्यात अ‍ॅलर्जीची गोळी असते, आणि ज्याच्यामुळे हे होतंय ती वस्तू पायाखाली, बुटाच्या तळाला चिकटलेली असते. तिचं नाव त्याच्या कोशात नाही. का, तर शहरातल्या मुलाचा निसर्गाशी संबंध उरलेला नाही! संबंध नाकातोंडातून चालू आहे. तुटला असेल तर संपादकाचा. लेखकांच्या पत्रात बालपण, कुरणं, भटकणं यांवर भर होता. मला तो मार्ग पटत नाही. हरवलेल्या कुरणांचं दुःख मुलाच्या माथी का मारायचं? कॅटकिनची बाजू लढवायला शिंका पुरेत.

याच कसोटीवर मी लेखकांच्या बाजूचेही काही शब्द सोडून देईन. काउस्लिप हे कुरणातलं पिवळं फूल सुंदर आहे, पण कुरणंच नांगरली गेली तिथे बहुतेक शहरी मुलांना ते दिसत नाही. मोठ्या कोशात भेटेल. किल्डरकिन सात वर्षांच्या पोराला कशाला हवा? पबच्या तळघरात काम धरेल तेव्हा पहिल्याच दिवशी कळेल, आणि पाठीला कळेल. किंगफिशर मात्र शहरातल्या कालव्यांवर येतो, तो राहिला पाहिजे. ब्रॉडबँडही राहू दे, घराघरांत आहे. निसर्ग आणि यंत्र अशी वाटणी करायची गरजच नाही.

कुणी म्हणेल, छापील कोश उघडतो कोण, फोनवर सगळं मिळतं. मिळतं, पण नाव माहीत असेल तर. फोटो काढून विचारण्याची सोय आता झालीय हे खरं. तरी त्यासाठी आधी ती वस्तू विचारण्याजोगी वाटावी लागते. छापील कोशात कॅट शोधणाऱ्या मुलाला दोन बोटं खाली कॅटकिन न मागता भेटतो. मुलांच्या कोशाचं निम्मं काम हे न मागितलेलं देण्याचं असतं. आमच्याकडे मोल्सवर्थचा कोश आजही लोक असाच चाळतात. एक शब्द पाहायला उघडायचा आणि अर्धा तास भलत्याच पानांवर काढायचा. १८३१ मध्ये पहिल्यांदा आणि १८५७ मध्ये वाढवून छापलेल्या त्या ग्रंथात कुणब्याचे, सुताराचे, बाजारबसव्यांचे, शिव्यांचे सगळे शब्द आले, कारण ते गोळा करणाऱ्यांनी हा गोड, तो ओंगळ असं पाहिलं नाही. मोठ्या कोशाचा धर्म तोच. ऑक्सफर्डच्या महाकोशाचाही रिवाज आहे की एकदा आत आलेला शब्द बाहेर जात नाही. थंबिकिन्स आणि सूटरकिन तिथे सुखरूप आहेत. त्यांची काळजी करणाऱ्यांनी निर्धास्त असावं.

एक अडचण माझ्याच कसोटीतून निघते आणि ती टाळता येणार नाही. ऑक्सफर्डचे मुलांचे इंग्रजी कोश आपल्याकडेही विकले जातात, इंग्रजी माध्यमाच्या दप्तरात असतात. नाशिकच्या किंवा मडगावच्या मुलीच्या डोळ्यांसमोर हेझल नाही, बर्च नाही, शिंका येतात त्या गाजरगवताने. मग तिच्या हातातल्या कोशात कॅटकिन हवा का? माझ्या मते नको. लंडनसाठी परत आणा म्हणून भांडायचं आणि नाशिकलाही तोच गळ्यात घालायचा, हे जमायचं नाही. त्या दोन ओळींत कोएल बसवावी, मायना बसवावी, गुलमोहर बसवावा. हे तिन्ही शब्द इंग्रजीत कधीच गेलेले आहेत, मोठ्या कोशांत आहेत. इथल्या प्रकाशकांनी परदेशी आवृत्तीवर नुसतं भारतीय मुखपृष्ठ चढवायचं सोडून आतली यादी हाताळायला हवी. आणि ती हाताळणाऱ्याने आपल्या शहरातली एखादी शाळा सुटायच्या वेळी फाटकापाशी उभं राहून मुलांना काय काय दिसतं ते आधी टिपून आणावं.